नव्वदवर लावलेली गाडी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

गाडीचं जे काही चाललं आहे ते आजपासून तारीखवार लिहून ठेवणार आहे. उद्या वाद झाला तर तोंडी सांगण्याला कोणी विचारत नाही. मानपाड्याच्या रंग कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात छत्तीस वर्षं काढली. तिथे बॉयलरच्या प्रत्येक गेजचं रीडिंग वहीत असायचं, आणि दोनदा तरी त्या वहीनेच माझी नोकरी वाचवली.

गाडी मूळ साकेतची, माझ्या मुलाची. दोन वर्षं वापरली, मग त्याने मोठी घेतली आणि ही ऑगस्टमध्ये मला दिली. ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही. योगिनी, आमची मुलगी, नाशिकला असते. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आल्यापासून डोंबिवलीहून तिच्याकडे जाणं सोपं झालंय, म्हणून दिली असं तो म्हणाला. धडधाकट गाडी माणूस इतक्या सहज देतो का, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

आज नाशिकहून येताना क्रूझ कंट्रोल लावला. म्हणजे हवा तो वेग आला की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं. मग गाडी आपली आपण तोच वेग धरते, ॲक्सिलरेटर दाबून पाय दुखवायला नको. ब्रेकला पाय लागला की ते सुटतं. मी नव्वदवर लावला होता. शहापूरच्या अलीकडे माझी बायको सुमती म्हणाली, "अहो, जोरात चाललीय." पाहतो तर एकशे चार. मी काहीही केलेलं नव्हतं. बटणाने बंद केला, तरी गाडी लगेच मंदावली नाही. चार-पाच सेकंद तशीच ओढत राहिली.

हे दुसऱ्यांदा. दिवाळीतही असंच झालं होतं, तेव्हा उतार असेल म्हणून सोडून दिलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. काउंटरवर राजरत्न नावाचा सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, चाळिशीचा, कोपरला राहतो. बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्यांपासून मी जरा सांभाळूनच असतो, आमच्या कारखान्यात परचेसला अशीच माणसं असत.

त्याने कॉम्प्युटर जोडला, गाडी एक फेरी फिरवून आणली आणि जॉबकार्डवर 'तपासले, दोष नाही' असं लिहून सही केली. मी म्हटलं, दोष तुमच्या फेरीत दिसणार नाही, तो नव्वदवर दिसतो. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात मी स्वतः तुमच्याबरोबर बसतो.

वर मला क्रूझ कसा वापरायचा तेही शिकवलं. पावसात लावायचा नाही, घाटात नाही, गर्दीत नाही. पुढची गाडी हळू झाली तर आपली आपोआप थांबत नाही, या मॉडेलला तो रडार नाही. टोलनाका दोन किलोमीटरवर असतानाच बंद करायचा. 'रिझ्युम' दाबलं की ती जुन्या वेगाकडे झेप घेते, तेव्हा समोर मोकळं आहे का बघायचं. आणि म्हणाला, "क्रूझ लावला म्हणजे पायाला सुट्टी नाही काका. पाय ब्रेकपाशी तयार पाहिजे." हे सगळं पुस्तिकेत आहे आणि मी पुस्तिका दोनदा वाचली आहे. ज्याला दोष सापडत नाही तो गिऱ्हाइकाला शिकवायला लागतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

पुन्हा नाशिक. जाताना क्रूझ लावलाच नाही, तरी गाडीचा स्वभाव बरोबर नाही. सिग्नलला हळूच पुढे सरकते. इगतपुरीला उतरल्यावर एका रिक्षाच्या अगदी जवळ जाऊन थांबलो.

मला एक शंका आहे. साकेतने गाडी देताना पायाखाली नवी मॅट टाकली, जाड, मऊ. तिच्यामुळे पॅडल नीट जाणवत नाही, कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. उद्या काढून टाकतो.

योगिनीच्या सोसायटीत गंमत झाली. लिफ्टमधून वर गेलो, दारात पाहतो तर उजव्या पायात चप्पल नाही. खाली पार्किंगमध्येच राहिली होती. योगिनीचा नवरा ती घेऊन वर आला आणि सगळे हसले. सुमती हसली नाही. ती माझ्या पायाकडे बघत होती. आता वहाणाही सैल येतात हल्ली, त्याला मी काय करणार.

येताना सुमती पुढे बसली, पण डावा हात मांडीवर आणि उजवा मध्ये, हातब्रेकच्या दांड्यावर. म्हटलं, हात काढ. तर म्हणाली, मला तसंच बरं वाटतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

मॅट काढली. कापूस तसाच. म्हणजे पॅडलखालच्या स्प्रिंगमध्ये काहीतरी आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

राजरत्न आला, शब्दाला जागला म्हणायचं. गांधारी पुलावरून पडघ्याकडे, मग आमण्याहून समृद्धीवर चढलो. मी चालवत होतो, तो डावीकडे. नव्वदवर लावला आणि त्याला सांगितलं, काट्यावर नजर ठेव.

अकरा मिनिटांत काटा सत्त्याण्णव, मग एकशे दोन. मी म्हटलं, बघ. आता काय म्हणतोस?

त्याने काट्याकडे बघितलंच नव्हतं. तो सगळा वेळ खाली, माझ्या पायांकडे बघत बसला होता. पुरावा समोर असताना मान खाली घालणारी माणसं मी पाहिली आहेत. मग हळूच विचारलं, "काका, क्रूझ लावल्यावर उजवा पाय कुठे ठेवता तुम्ही?" मी म्हटलं, जिथे ठेवायचा तिथे, मागे, जमिनीवर. तो म्हणाला, आत्ता कुठे आहे? मी म्हटलं, जमिनीवरच. त्याने मान वळवून मागचा रस्ता पाहिला. थोड्या वेळाने म्हणाला, पुढच्या फाट्याला वळून घेऊ, आणि परत जाताना मी चालवतो.

त्याने चालवली तेव्हा काटा नव्वदवरून तसूभर हलला नाही. अर्थात. त्याला माहीत असणार कुठलं बटण कसं दाबायचं.

उतरताना माझ्या बुटांचा नंबर विचारला. आणि शुगर आहे का, असंही. मी म्हटलं, गाडीचं बघ.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साकेतचा फोन. ठाण्याहून एरवी रविवारशिवाय फोन नसतो. म्हणाला, बाबा, गाडी थोडे दिवस चालवू नका, पायाचं एकदा दाखवून घेऊ. मी विचारलं, पायाचं तुला कोणी सांगितलं? तर अडखळला. मग कबूल केलं, सर्व्हिस सेंटरमधून फोन आला होता.

गाडी माझ्याकडे, तक्रार माझी, आणि तो माणूस माझ्या पाठीमागे माझ्या मुलाला फोन करतो. गाडीतला दोष दाबायचा असेल तर सगळ्यात सोपं काय? चालवणारा म्हातारा आहे म्हणायचं. सदुसष्ट वर्षं. माझे डोळे अजून बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुमतीने डॉक्टरकडे नेलं. शुगरच्या गोळ्या मी बारा वर्षं घेतो, चुकवत नाही, रीडिंगही लिहितो. जरा जास्त असतं, ते खरं आहे. डॉक्टरांनी पायाच्या नसांची तपासणी लिहून दिली, कल्याणला एका सेंटरला मशीन आहे म्हणे. या सेंटरांचं आणि डॉक्टरांचं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठी खिशात घातली, आणि पँट धुवायला गेली.

डॉक्टरकडे न्यायचं कारण एवढंच की परवा देवळात प्रदक्षिणा घातली आणि घरी आल्यावर सुमतीला माझ्या तळव्याला फोड दिसला, मोठा, पाणी भरलेला. ती म्हणे फरशी तापली होती, ती स्वतः उड्या मारत सावलीत गेली, तुम्हाला कळलं कसं नाही. मी म्हटलं, माझे तळवे कारखान्यातले आहेत. जाड.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

घरात काहीतरी शिजतंय. सुमती फोनवर बोलत असते, मी आलो की विषय बदलतो, "हो गं, मेथी मिळाली" वगैरे. पलीकडे देवयानी असते, आमची सून. देवयानी बँकेत आहे, हुशार मुलगी, पण हुशार माणसाला घाई असते. आज ती अर्धी रजा टाकून आली. ती निघाली तेव्हा मी पाहिलं, खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती.

विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. देवयानी म्हणाली, "बाबा, टेस्ट होईपर्यंत राहू दे माझ्याकडे." म्हणजे ठरवून केलं. गाडी द्यायची, मग ती काढून घ्यायची. उद्या घराच्या किल्ल्याही अशाच कोणाच्या पर्समध्ये जातील.

मी शांतपणे म्हटलं, किल्ली ठेव. माझ्या आवाजात काय होतं माहीत नाही, पण तिने ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मला वाईट वाटलं, पण किल्ली मी उचलली.

सोमवार, ८ डिसेंबर

काल जे झालं ते आज लिहितोय. 

सान्वीला, साकेतच्या मुलीला, शनिवारी नाशिकला नेलं होतं. आठ वर्षांची आहे, आत्याकडे जायचं म्हणून हट्ट धरून बसली. साकेत-देवयानी लग्नाला पुण्याला होते. सुमतीने दोनदा म्हटलं, टॅक्सीने जाऊ. मी म्हटलं, दारात गाडी असताना?

काल दुपारी परत येताना क्रूझ नव्वदवर. रस्ता मोकळा, सान्वी मागे गोष्टीचं पुस्तक वाचत होती. आमण्याचा टोलनाका दिसायला लागला. राजरत्नने दोन किलोमीटर म्हटलं होतं; मी एक किलोमीटरवर ब्रेक लावला. लावला. मी लिहितो आहे ते शपथेवर लिहितो आहे, मी ब्रेक दाबला, आणि गाडी सुटली. नव्वदवरून शंभर, एकशे दहा. जितका जोरात दाबला तितकी ती जोरात. समोर टोलची रांग. मी ओरडलो, ब्रेक लागत नाही.

सुमतीने हातब्रेक ओढला. गाडी मागून घसरत तिरकी झाली, मी डावीकडे रिकाम्या लेनकडे वळवली, आणि लेनच्या तोंडाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या पिंपांवर जाऊन आदळलो. पिंपं पाण्याने भरलेली होती म्हणून वाचलो.

सान्वीने पट्टा लावला होता. तरी पुस्तकाचा कोपरा तोंडावर बसून तिचा ओठ फाटला. पडघ्याला नेऊन दोन टाके घातले. टाके घालताना रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं, आजोबांनी ब्रेक लावला होता बाळ, गाडीने ऐकलं नाही. तिने मान हलवली.

रात्रभर एकच विचार मनात येतो. सुमतीचा हात हातब्रेकवर आधीपासून होता. मी ओरडून संपायच्या आत तिने ओढला. तिला कसं कळलं?

मंगळवार, ९ डिसेंबर

कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार पाठवली, सव्वादोन पानं, इंग्रजीत. तारखा, वेग, सगळं या वहीतून. त्यात स्पष्ट लिहिलं की चार नोव्हेंबरला दोष दाखवूनही राजरत्न यांनी 'दोष नाही' अशी सही केली, आणि त्या सहीमुळे एक लहान मूल जखमी झालं.

लिहिताना मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

साकेत आला होता. ओरडला नाही. सान्वीचा फोटो दाखवला, ओठ सुजलेला, आणि म्हणाला की यापुढे ती तुमच्या गाडीत बसणार नाही. 'तुमच्या' गाडीत.

बुधवार, १७ डिसेंबर

मुख्य कार्यालयातून इंजिनिअर आला होता. कागद दिला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये शेवटच्या काही सेकंदांची नोंद राहते म्हणे. कागदावर: ॲक्सिलरेटर ३८ टक्के, ६१ टक्के, १०० टक्के. ब्रेक: नाही, नाही, नाही. हातब्रेक: होय.

मी विचारलं, हा कागद कोणी काढला? ज्यांच्या गाडीत दोष आहे त्यांनीच ना? ज्याचं गेज, त्यानेच कॅलिब्रेट करायचं, हे आमच्याकडे चालत नसे. त्याने खांदे उडवले.

जाताना तो म्हणाला की तुमच्या तक्रारीवरून त्या ॲडव्हायझरला काउंटरवरून काढलंय, चौकशी होईपर्यंत यार्डात गाड्या लावायला आणि गेटच्या रजिस्टरला. मला वाटलं होतं मला समाधान वाटेल. थोडंसं वाटलंही. मग जेवण गेलं नाही.

सुमतीला हातब्रेकबद्दल विचारलं. ती पोळ्या करत होती. लाटणं खाली न ठेवता म्हणाली, "मी दोन महिने तुमचा पाय बघत होते, रस्ता नाही." मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं की तुम्हाला कट वाटतो. तव्यावरची पोळी करपली.

मंगळवार, २३ डिसेंबर

गाडी दुरुस्त होऊन आली. साकेतने किल्ली नेली, दुसरी माझ्या कपाटात आहे हे त्याला ठाऊक नाही.

माझं ठरलं आहे. त्यांच्या कागदाला माझा कागद हवा. साकेतचा जुना मोबाइल घरात पडून आहे, कॅमेरा चालतो. डॅशबोर्डच्या खाली, दोन्ही पॅडल दिसतील असा चिकटपट्टीने लावायचा. मग मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावायचा आणि जे करतोय ते मोठ्याने बोलायचं, आम्ही टेस्टच्या वेळी बोलायचो तसं. पॅडल आपोआप खाली जाताना दिसलं की झालं. मग कंपनी, डॉक्टर, मुलगा, सगळे बघतील.

गॅरेजमध्ये बसवून पाहिला. चित्र स्पष्ट येतं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळी साडेसहाला निघालो. सुमतीला भाजी आणायला जातो म्हटलं. चाळीस वर्षांत तिच्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही.

समृद्धीवर नाताळच्या सुट्टीतल्या सकाळी अगदी तुरळक गाड्या. एकटाच होतो. माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला लागलं असतं तर, हा विचार आत्ता लिहिताना येतोय, तेव्हा आला नाही. नव्वदवर लावला. वेग वाढला, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मला जवळजवळ आनंद झाला. तीनदा ब्रेक लावून क्रूझ सोडवून पाहिला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा गाडी पुढे उसळली. बटणाने बंद केला, न्यूट्रलमध्ये टाकली, कडेला घेऊन हातब्रेकने थांबवली. वाटलं, सापडला दोष.

तिथेच, गाडीत बसून, व्हिडिओ लावला.

माझा आवाज येतो: "क्रूझ लावला. पाय मागे घेतला. पाय जमिनीवर." चित्रात काळा बूट आहे. बूट ॲक्सिलरेटरवर आहे. हलतही नाही.

"पाय जमिनीवरच आहे. वेग पंच्याण्णव." बूट हळूहळू खाली जातो, पॅडलसकट. झोपलेल्या माणसाची मान कलंडते तसा.

"आता ब्रेक." बूट उचलला जातो, ब्रेकच्या दिशेने जातो, अर्धा पोचतो. टाच ॲक्सिलरेटरवरच राहते. "ब्रेक दाबतोय." तो दाबत नाही. म्हणजे दाबतो, पण जे दाबतो ते ब्रेक नाही.

मी सहा वेळा पाहिलं. आवाज माझा आहे याची खात्री होती. बुटाची नव्हती, म्हणून खाली वाकून बुटाची नाडी पाहिली. तीच गाठ.

साकेतला फोन केला. म्हटलं, मी शहापूरच्या अलीकडे उभा आहे, ये आणि गाडी घेऊन जा. त्याने काही विचारलं नाही. देवयानीला घेऊन आला. ती माझी गाडी चालवत होती, मी शेजारी. 

शनिवार, २७ डिसेंबर

काल सुमतीलाही दाखवला. तिने एकदाच पाहिला.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

कल्याणच्या सेंटरला नसांची तपासणी झाली. बारीक तारेसारखं काहीतरी तळव्याला टेकवतात, डोळे मिटायचे, कळलं की 'हो' म्हणायचं. डाव्या पायाला दहातले सहा. उजव्याला एक, आणि तोही मी अंदाजाने म्हटलेला असेल. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे नसा गेल्यात. गेलेलं फारसं परत येत नाही, पुढचं थांबवता येईल. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, आधी गेज तपासा, मग बॉयलरवर आरोप करा.

मंगळवार, ६ जानेवारी

सर्व्हिस सेंटरला गेलो. देवयानीने रजा घेतली, मी नको म्हटलं तरी.

राजरत्न गेटवर होता. डोक्यावर टोपी, हातात रजिस्टर. मला पाहून त्याने आधी गाडीचा नंबर लिहिला, मग वर पाहिलं. मी त्याला पाकीट दिलं. आत दोन पत्रं. एक मुख्य कार्यालयाला: माझी नऊ डिसेंबरची तक्रार मी मागे घेत आहे, गाडीत दोष नव्हता, चालकाच्या पायात होता, आणि चार नोव्हेंबरची त्यांची सही बरोबर होती. व्हिडिओ सोबत. दुसरं त्याला, मराठीत, चार ओळी.

त्याने उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं बोलेल, सुनावेल. मी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "चूक माझीही आहे काका. त्या दिवशी गाडीतच कळलं होतं मला. तुम्हाला तोंडावर सांगायचं सोडून मुलाला फोन केला." मग म्हणाला, गिऱ्हाइकाला तुमचा पाय नीट चालत नाही असं कसं सांगणार, नोकरीची भीती होती. आणि त्या मुलीच्या ओठाचं कळलं तेव्हा तीन दिवस झोप नाही लागली.

 मला आठ आठवडे वाटत होतं की सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतायत. ते खरंच लपवत होते. फक्त काय, ते मी चुकीचं समजलो होतो. आणि ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला, त्यांना मी सांगूच दिलं नव्हतं.

मॅनेजर जेवायला गेला होता. देवयानी म्हणाली पत्र ठेवून जाऊ. मी म्हटलं, त्याच्या हातात देणार. पावणेदोन तास बाकावर बसलो. मॅनेजरने वाचून विचारलं, हे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंय का? मला त्याचा राग आला नाही. मी असतो तरी हेच विचारलं असतं. व्हिडिओ दाखवला. त्याने एकदा पाहिला आणि टेबलावरच्या पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

राजरत्न सोमवारपासून काउंटरवर बसेल असं मॅनेजर म्हणाला. 'बसेल' म्हणाला, मी पुढच्या मंगळवारी जाऊन बघणार आहे.

रविवार, ११ जानेवारी

साकेतकडे, ठाण्याला. सान्वीच्या ओठावर बारीक पांढरी रेघ राहिली आहे, जवळून बघितली तरच दिसते. मी जवळून बघितली.

कोणी मला सांग म्हटलं नव्हतं. जेवणं झाल्यावर ती चित्र काढत बसली होती, तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी मी तुला गाडीने ऐकलं नाही असं सांगितलं. ते खरं नव्हतं. मला वाटलं मी ब्रेक दाबला. दाबला नव्हता. माझ्या पायाला कळत नाही तो कशावर आहे ते. तुला लागलं ते माझ्यामुळे.

तिने खडू खाली ठेवला. स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला होता, म्हणजे आत सुमती आणि देवयानी ऐकत होत्या.

"दुखतो का पाय?" सान्वीने विचारलं.

मी म्हटलं, "नाही गं. दुखला असता तर बरं झालं असतं."

तिला ते पटलं नाही. माझ्या पायातला मोजा तिने ओढून काढला आणि अंगठ्याला चिमटा घेतला, ओठ दाबून, सगळा जोर लावून. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो, म्हणून मला कळलं की ती चिमटा घेते आहे.

थोड्या वेळाने तिने बोटं काढली. जिथे चिमटा घेतला होता तिथे लाल झालं होतं. तिने त्यावर हाताने चोळलं, बराच वेळ, मला काही कळत नसताना.